तिसरा अल्बम कच्चा हवाय? मग आधी पितृपक्षाच्या तारखा बघा

पत्र: आम्ही नाशिकचा चार जणांचा मराठी रॉक बँड. पहिला अल्बम मित्राच्या फ्लॅटवर दोन रात्रींत उरकला. दुसऱ्यासाठी लॅपटॉपवर अकरा महिने घासत बसलो. ड्रम्स प्रोग्रॅम केलेले, एकेक सूर सॉफ्टवेअरमधून सरळ केलेला. ऐकणारे वाढले, पण कार्यक्रम संपला की लोक हमखास म्हणतात, ‘अल्बमपेक्षा समोर भारी वाजवता.’ आता तिसरा. गिटारवाल्याला निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या ‘इन यूटेरो’सारखा कच्चा, सगळ्यांनी एकत्र वाजवलेला आवाज हवाय. गायिका म्हणते, शब्दच कळले नाहीत तर मराठीत गाऊन काय उपयोग? ड्रमर क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, गडबडतो. १४ गाणी तयार आहेत आणि हातात १,८०,००० रुपये. स्टुडिओ दिवसाला १२,००० मागतोय, मिक्सिंगवाला गाण्यामागे ५,०००. गायिकेच्या मामांचं मंगल कार्यालय फुकट मिळेल, पण तिथं आवाज घुमतो. कार्यालयात जमेल का? किती दिवस लागतील? आणि आमच्यात बरोबर कोण? – बेसवाला, नाशिक

उत्तर:

प्रिय बेसवाले,

बरोबर दोघंही आहेत. तुमचा गिटारवाला ज्या अल्बमची शपथ घेतोय, त्या अल्बमवरूनही नेमकं हेच भांडण झालं होतं. तेव्हा ती हकिगत त्याला पूर्ण सांगा. बहुतेक लोक तिचा पहिला अर्धाच भाग सांगतात.

निर्वाणाचा पहिला अल्बम १९८९चा, रेकॉर्डिंगचा खर्च ६०६.१७ डॉलर. दुसरा १९९१चा, बुच विगनं ध्वनिमुद्रित केलेला आणि अँडी वॉलेसनं मिक्स केलेला. तो गुळगुळीत झाला आणि जगभर गाजला. बँडचा गायक कर्ट कोबेन याला नंतर तो गुळगुळीतपणाच खुपायला लागला. म्हणून तिसऱ्यासाठी त्यांनी ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीला गाठलं. फेब्रुवारी १९९३मध्ये मिनेसोटातल्या कॅनन फॉल्सजवळ, रानात असलेल्या पॅकिडर्म स्टुडिओत, साधारण दोन आठवड्यांत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग दोन्ही आटोपलं. दोन रात्रींचा पहिला, अकरा महिन्यांचा दुसरा आणि आता हा तिसरा: तुमची वाट फार वेगळी नाही.

आता राहिलेला अर्धा भाग. त्या दोन आठवड्यांआधी, जानेवारीत, बँडनं रिओ दि जानेरोत याच गाण्यांचे कच्चे टेक करून पाहिले होते. त्याआधीच्या ऑक्टोबरातही एकदा प्रयत्न झाला होता. म्हणजे स्टुडिओत पाऊल ठेवलं तेव्हा गाण्यांची चाल-चौकट हाताला बसलेली होती. आणि मिक्स हातात आल्यावर खुद्द बँडलाच वाटलं की बेस आणि गाणाऱ्याचा आवाज मागे पडलाय. मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, फिरवताना बॉब लुडविगनं ते जमेल तेवढं सावरलं. ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही दोन गाणी मग स्कॉट लिटकडून पुन्हा मिक्स करून घेतली, आणि तीच दोन लोकांच्या तोंडी बसली. थोडक्यात, ‘कच्च्या’ अल्बमलाही शब्द ऐकू यावेत म्हणून एक फेरी जास्त मारावी लागली. त्या फेरीचे पैसे तुम्ही आजच बाजूला काढून ठेवा. किती, ते पुढे येतंच.

तुमच्या प्रश्नांपैकी सगळ्यात मोलाचा आहे मामांच्या कार्यालयाचा, म्हणून आधी तोच. तिथं घुमतं ही अडचण खरी, पण ती मोजता येते. रिकाम्या सभागृहाच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. टाळीची शेपटी एक ते दीड सेकंदात विरत असेल तर ड्रम्ससाठी ती जागा उत्तम. तीन सेकंद रेंगाळत असेल तर पुढची टाळी मागच्या टाळीत बुडते, आणि ठेका जलद असला की सगळा चिखल होतो. टाळीनंतर धातूच्या पन्हळीवर वाळू घसरावी तसा ‘झर्रर्र’ आवाज येत असेल, तर समोरासमोरच्या दोन सपाट भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. त्यातल्या एकीवर जाड पडदा सोडला की तो जातो. आणि इथं मंगल कार्यालयाला स्टुडिओही टक्कर देणार नाही, कारण लागणारं सगळं सामान आवारातच असतं. पंगतीच्या सतरंज्या, वऱ्हाडाच्या गाद्या, स्टेजचे पडदे. ड्रम्स स्टेजवर मांडू नका. पोकळ लाकडी स्टेज किकबरोबर (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर) स्वतःच ढोलासारखं गुणगुणतं. खाली फरशीवर दोन सतरंज्या एकावर एक अंथरा, ड्रम्सच्या मागे दोन गाद्या टेबलांना टेकवून उभ्या करा आणि पुढची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे लांबच्या माईकना मोकळं सभागृह मिळेल.

तारखांचं म्हणाल तर पितृपक्ष पकडा. तेव्हा लग्न नाही, मुंज नाही, साखरपुडा नाही. मामांचं एक रुपयाचं नुकसान नाही, आणि पावसाचा जोरही बहुधा उतरलेला असतो. श्रावणातही कार्यालय मोकळं असेल, पण वर पत्र्याचं छत असेल तर प्रत्येक टेकमध्ये पाऊस पाचवा वादक होतो. हवा दमट राहीलच. कंडेन्सर माईकमध्ये ओल शिरली की मधेच तडतडतात, तेव्हा रात्री ते पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, रिकाम्या सभागृहात स्टँडवर लावून घरी जाऊ नका.

वीज हा कार्यालयाचा खरा शत्रू. रोषणाईचे डिमर, ट्यूबलाइटचे चोक, पाण्याचा पंप, हे सगळे गिटारच्या पिकअपमध्ये गुणगुणतात. आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. अ‍ॅम्प, मिक्सर, लॅपटॉप सगळं एकाच सर्किटवर घ्या. वेगवेगळ्या सर्किटवर गेलं की अर्थिंगमधूनच घरघर शिरते. ती घालवायला तिसरी पिन काढायचा जुना उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. ओठ माईकला आणि हात गिटारच्या तारांना लागतात, शॉक जिवावर बेतू शकतो. लॅपटॉप आणि मिक्सरला यूपीएस लागेलच. टेक चालू असताना पंखे बंद, टेक संपला की चालू. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात हे सगळ्यांना जड जाईल, पण पंख्याचा घर्रर्र नंतर काढायला गेलात तर झांजेची चकाकीही त्याच्याबरोबर जाते.

मांडणी आता. १६ चॅनेलचा, मल्टीट्रॅक रेकॉर्ड होणारा डिजिटल मिक्सर आणि माईक भाड्यानं घ्या, बरोबर एक माणूस ध्वनीचा. चौघं वाजवणार असताना पाचवा ऐकणारा लागतोच. किकला एक माईक, स्नेअरला वर एक आणि खाली एक, दोन टॉम्सना दोन, डोक्यावर दोन, सभागृहात लांब दोन, बेसला दोन, गिटारला दोन, गायिकेच्या वाटाड्या गाण्याला (बाकीच्यांना गाण्यात कुठं आहोत ते कळावं म्हणून गायलेल्या) एक. झाले १४. उरलेले दोन सुटे ठेवा, एखादी केबल दगा देतेच.

डोक्यावरच्या दोन माईकचं अंतर डोळ्यांनी ठरवू नका. सुतळी घ्या, एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा आणि दोन्ही माईक बरोबर त्याच लांबीवर आणा, साधारण एक मीटर. एक जवळ आणि एक लांब राहिला तर स्नेअर एका कानाकडे झुकतो आणि पातळ होतो. स्नेअरच्या खालच्या माईकची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी करा. वरचं कातडं खाली जातं तेव्हा तो त्याला उलट्या बाजूनं ऐकत असतो. मग किक आणि डोक्यावरचे माईक एकत्र, मोनोत ऐका आणि किकची पोलॅरिटी उलटसुलट करून पाहा. ज्या स्थितीत पोटात जास्त बसतं ती बरोबर. ही पाच मिनिटं वाचवली तर मिक्सिंगचे पाच तास जातात.

सभागृहातले दोन माईक ड्रम्सपासून तीन-चार मीटरवर थेट फरशीवर ठेवा. स्टँडवर ठेवलेल्या माईकला एकदा थेट आवाज मिळतो आणि एकदा फरशीवरून उसळलेला, आणि दोन्ही मिळून काही सूर खाऊन टाकतात. फरशीलाच चिकटलेल्या माईकला ही भानगड नाही. मिक्समध्ये हे दोन ट्रॅक १५ मिलीसेकंद मागे सरकवा. आवाज एका मिलीसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे तुम्ही माईक बसल्या जागी आणखी पाच मीटर लांब नेलेत. टिपरीचा घाव स्वच्छ ऐकू येतो आणि सभागृह त्याच्या मागोमाग येतं. अल्बिनीची ही आवडती युक्ती. तिला लागतो एक डिले, आणि तो तुमच्या लॅपटॉपवर आहेच.

गिटारचा अ‍ॅम्प वरपक्षाच्या खोलीत, बेसचा वधूपक्षाच्या. दारं लोटलेली, आत गाद्या. वादक मात्र ड्रमरच्या समोर, चारही जण एकमेकांना दिसतील असे. एकत्र वाजवण्याचा सगळा फायदा नजरेत असतो. काचेपलीकडे बसून हेडफोनवर वाजवायचं असेल तर दुसऱ्या अल्बमसारखं एकेकट्यानं केलेलं काय वाईट? अ‍ॅम्पचं हेड (स्पीकर नसलेला वरचा डबा) वेगळं असेल तर ते वादकाजवळ ठेवा आणि स्पीकरची केबल खोलीपर्यंत न्या. ती केबल स्पीकरचीच हवी. गिटारची बारीक केबल तिथं जोडली तर हेडचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हेड आणि स्पीकर एकाच पेटीत असतील तर वादकाला खोलीच्या दारात उभं करा, कारण गिटारची केबल सहा मीटरच्या पुढे गेली की वरचा धारदार आवाज मरायला लागतो. माईक जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, स्पीकरच्या मध्यबिंदूपासून कडेपर्यंतच्या निम्म्या अंतरावर. मध्यावर लावला की कर्कश, कडेला नेला की गढूळ. आणि डिस्टॉर्शन तुम्ही कार्यक्रमात ठेवता त्याच्या दोन-तृतीयांशच ठेवा. नंतर दुसरी गिटार वर चढवली की दोन्ही मिळून हवं तेवढं खरखरतं. आधीच शिगोशीग भरलंत तर घावच ऐकू येत नाही, नुसती मधमाश्यांची पोळी.

तुमचा बेस, म्हणजे पत्र लिहिणाऱ्याचा. एक लाइन थेट मिक्सरमध्ये, दुसरी अ‍ॅम्पच्या माईकमधून. दोन्हींची लाट स्क्रीनवर मोठी करून पाहा. माईकवाली किंचित उशिरा येते. ती ओढून जुळवा, नाहीतर खालचे सूर एकमेकांना खातात आणि तुम्ही आवाज वाढवत राहता. नव्या तारा रेकॉर्डिंगच्या तीन दिवस आधी घाला, गिटारवाल्यानं एक दिवस आधी. ड्रम्सची वरची पानं (कातडी) आदल्या संध्याकाळी बदला आणि रात्रभर बसू द्या; सकाळी पुन्हा सुरात आणा, दर दोन गाण्यांनी स्नेअर तपासा.

रेकॉर्डिंगची पातळी: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठ्या घावाला काटा उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या मधे. त्याहून वर नेण्याची गरज नाही, आणि ड्रमर तालमीपेक्षा टेकमध्ये हमखास जोरात मारतो. १६ ट्रॅकला मिनिटाला साधारण १४० एमबी लागतात. दहा गाणी, प्रत्येकी चार-पाच टेक धरले तर ३० जीबीच्या आसपास. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा आणि दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवू नका.

आता ड्रमरचं. तो क्लिकवर गडबडतो हे कळल्यावर त्याला महिनाभर क्लिकवर दामटण्यात हशील नाही. क्लिक नसला तरी वेग ठरलेला हवा, एवढंच. पुढचे चार आठवडे, आठवड्याला तीन तालमी धरा. प्रत्येक गाणं फोनवर रेकॉर्ड करा आणि फोनवरच्या टॅप टेम्पोनं पहिल्या कडव्याचा आणि शेवटच्या धृपदाचा वेग मोजून कागदावर लिहा. १३२ बीपीएमवर (मिनिटाला १३२ ठोके) सुरू होऊन धृपदात १३५-१३६ झालं तर ते गाणं श्वास घेतंय, तसंच राहू द्या. १३२चं १४४ झालं तर गाणं पळालं. बहुतेकदा पळायला सुरुवात धृपदात होत नाही, त्याच्या आधीच्या फिलमध्ये (दोन भाग जोडणाऱ्या ड्रम्सच्या तुकड्यात) होते. तेवढा फिल अर्धा करून बघा, पळणं थांबतं. रेकॉर्डिंगला क्लिक फक्त मोजणीपुरता: चार बार कानात वाजतो, सगळ्यांना ठेका मिळतो, आणि पहिल्या घावाला तो बंद होतो. एक अट मात्र पाळा. दोन टेकमधले तुकडे जोडायचे असतील तर त्या तुकड्यांचा वेग एका बीपीएमच्या आत जुळायला हवा. म्हणून प्रत्येक टेकचा वेग लगेच मोजून कागदावर लिहायचं काम पाचव्या माणसाचं.

१४ गाण्यांची १० करा, आणि आजच करा. प्रत्येकानं इतरांना न दाखवता आपली दहा लिहावीत. चौघांच्याही यादीत असलेली आधी पक्की होतील, तिघांच्या यादीतली त्यानंतर. रेकॉर्डिंगच्या दिवशी चार जास्तीची गाणी म्हणजे अख्खा एक दिवस, आणि तो दिवस नेहमी शेवटच्या चांगल्या गाण्यांच्या वाट्याचा जातो. ‘इन यूटेरो’त बारा आहेत, जेमतेम ४१ मिनिटं, आणि कुणी कमी म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

कार्यालयात चार दिवस धरा. पहिल्या दिवशी एकही गाणं रेकॉर्ड होणार नाही हे सगळ्यांनी आधीच मान्य करा: मांडणी, घरघर शोधणं, सुतळी, हेडफोनमध्ये कुणाला काय हवंय ते, आणि संध्याकाळी एक चाचणी. चाचणी रात्री घरी ऐकायची, तिथं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी चार-चार गाणी. सुरुवात सगळ्यात सोप्या गाण्यानं करू नका, दुसऱ्या क्रमांकाच्या सोप्यानं करा. सोपं गाणं आळसात वाया जातं. गाण्याला जास्तीत जास्त पाच टेक. तीन टेक झाले की एकदा सगळ्यांनी बसून ऐका, मग हवे तर आणखी दोन. पाचातही जमलं नाही तर ते गाणं उचलून दुसऱ्या दिवशी सकाळी. सहावा, सातवा टेक फक्त थकलेला असतो. रात्री दहानंतर ड्रम्स नाहीत, शेजारी मामांचे आहेत, तुमचे नाहीत.

चौथा दिवस भटारखान्याचा. ‘इन यूटेरो’तल्या दोन वेगवान गाण्यांचे ड्रम्स स्टुडिओच्या स्वयंपाकघरात वाजवलेत, तिथला नैसर्गिक घुमारा हवा म्हणून. बाकी जवळपास सगळं बँडनं एकत्र वाजवलं, ही दोन तेवढी अपवाद. कार्यालयाच्या भटारखान्याला खालपासून वरपर्यंत टाइल्स असतात, म्हणजे घुमारा छोटा पण काचेसारखा कडक. तुमची सगळ्यात जलद दोन गाणी तिथं घ्या. डोक्यावरचा माईक एकच पुरे, लांबचा माईक दाराबाहेर. पातेली आणि झारे आधी बाहेर काढा, स्नेअरबरोबर ती वाजतात. उरलेल्या वेळात निम्म्या गाण्यांवर दुसरी गिटार चढवा. सगळ्यांवर नको, जी गाणी एकाच गिटारवर उभी राहतात ती तशीच असू द्या, म्हणजे बाकीची मोठी वाटतील.

गायन कार्यालयात नको. इथं गायिकेचं ऐका. दोन दिवस स्टुडिओ घ्या, दिवसाला पाच गाणी, दिवसाला गायन चार तासांपेक्षा जास्त नाही, मधे विश्रांती. कोबेननं बहुतेक गायन सहा तासांत आटोपलं, हा किस्सा गिटारवाला सांगेलच. तो घसा वेगळा होता आणि त्याची किंमतही वेगळी. प्रत्येक गाण्याचे तीन पूर्ण टेक, मग त्यातून ओळीओळीनं निवड. माईकपासून २० सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर, तोंड माईकच्या किंचित बाजूला. भ, फ, ठ, ख यांचा वारा थेट माईकवर आदळू नये म्हणून.

मराठी शब्द गिटारीखाली बुडतात याला आणखी एक कारण आहे, ते मिक्सिंगवाल्याच्या हातात नाही. रात, वाट, घर, आवाज असे शब्द बोलताना व्यंजनावर संपतात. त्यांच्यावर लांब सूर धरायचा तर गायिकेला एकतर मधला ‘आ’ ताणावा लागतो आणि ‘त’ उशिरा टाकावा लागतो, नाहीतर शेवटी ‘अ’ जोडावा लागतो. पहिल्या प्रकारात तो ‘त’ नेमका झांजेच्या घावावर पडतो आणि मरतो. तेव्हा लांब सुरावर शक्यतो स्वरान्त शब्द आणा: वारा, माती, उभे. ते जमत नसेल तर शेवटचं व्यंजन ठेक्याच्या अर्धी मात्रा आधी टाका. तालमीच्या चार आठवड्यांतच हे करून घ्या, कारण शब्द बदलायचा तर ते स्टुडिओत होणार नाही. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर अजिबात नको असा हट्ट नाही. अल्बमभर दोन-तीन ओळींना लावलंत तर कुणाला कळणारही नाही. गाणंभर लावलंत तर तुमचा दुसरा अल्बम परत येईल.

मिक्सिंगला गिटारच्या दोन्ही ट्रॅकमध्ये २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल खड्डा पाडा. शब्द तिथंच कळतात आणि गिटारही तिथंच बसलेली असते. प्रत्येक गाण्याची तीन रूपं मागा: ठरलेलं मिक्स, गायन एक डेसिबल वर, गायन एक डेसिबल खाली. त्याला दहा मिनिटं जास्त लागतात, पण पुढचा वाद तिथंच मिटतो. मग एक परीक्षा. ज्यानं ही गाणी कधी ऐकली नाहीत अशा माणसाला हळू आवाजात एकदाच ऐकवा आणि पहिलं कडवं लिहायला सांगा. चारपेक्षा जास्त शब्द चुकले तर ‘एक डेसिबल वर’ वालं रूप घ्या. चुकले नाहीत तर गिटारवाला जिंकला. बँडमधल्या कुणाचा कान यात चालणार नाही, तुम्हा सगळ्यांना शब्द पाठ आहेत.

मास्टरिंगला पाठवताना मिक्सवर लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) नको, शिखर उणे ३ डेसिबलच्या खाली, २४ बिट वेव्ह फाइल. ‘शक्य तितका मोठा आवाज करा’ असं सांगू नका. स्ट्रीमिंगवाले बहुतेक सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणून वाजवतात. तुम्ही चेपून उणे ७वर नेलंत तर ते आवाज खाली ओढतात, आणि सभागृहाचा जो श्वास तुम्ही फरशीवरच्या माईकनं पकडला तो चेपलेलाच राहतो. उणे १०-११च्या आसपास रॉकला भरपूर अंग असतं.

पैशांचा हिशोब असा बसवा. कार्यालयातले चार दिवस मिक्सर, माईक आणि ध्वनीचा माणूस यांना ४५,०००. तारा, ड्रम्सची पानं, इलेक्ट्रिशियन १४,०००. गायनाचे दोन दिवस २४,०००. दहा गाण्यांचं मिक्सिंग ५०,०००. दोन गाण्यांच्या दुसऱ्या मिक्ससाठी १०,०००, आणि याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. मास्टरिंगला १५,०००. उरतात २२,०००: जेवण, टेम्पो, मुखपृष्ठ आणि वीजबिल. वीजबिल मामांच्या माथी मारू नका.

अल्बिनीनं त्या अल्बमसाठी १,००,००० डॉलर एकरकमी घेतले आणि विक्रीतला वाटा घ्यायला नकार दिला. काम केलं, कामाचे पैसे घेतले, एवढंच. तुमचा मिक्सिंगवाला ‘पैसे कमी द्या, पण रॉयल्टीत टक्का द्या’ म्हणाला तर एकरकमीवरच ठाम राहा. उलट तुमच्या आपसातला वाटा मात्र लिहून ठेवा. गीत कोणाचं, चाल कोणाची, किती टक्के, चौघांच्या सह्या, आणि हे रेकॉर्डिंगच्या आधी. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस या त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत नोंदणी करा. प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी, म्हणजे ओळख क्रमांक, बहुधा तुमचा डिजिटल वितरक देईल, तो त्याच कागदावर लिहून ठेवा. त्याच कागदावर आणखी एक ओळ घाला: मिक्सवर शेवटचा शब्द कोणाचा. आमच्या मते वाद्यांबाबत गिटारवाल्याचा आणि गायनाच्या पातळीबाबत गायिकेचा. बेसचा आवाज किती ठेवायचा हे मात्र तुम्ही ठरवू नका. कोणताही बेसवाला तो जास्तच ठेवतो, आणि हे तुम्हालाही माहीत आहे.

तर आज संध्याकाळी टाळी वाजवायला कार्यालयात जा. फोन, सुतळी आणि मीटरपट्टी बरोबर ठेवा, आणि पितृपक्षातले चार दिवस मामांकडून कॅलेंडरवर लिहून घ्या. भटारखान्यात ड्रम्स वाजणार आहेत हेही त्यांना आधीच सांगा, म्हणजे चौथ्या दिवशी सकाळी आचाऱ्याच्या मापाचं पातेलं उचलायला माणूस मिळेल.